बाकाला पाणी घालणारा माणूस

हामुएराला आमच्या खोऱ्यात सगळे हमू म्हणत. तो शाळेची बस चालवायचा, मराएच्या, म्हणजे वस्तीच्या सभाघराच्या, अंगणातलं गवत कापायचा आणि रोज संध्याकाळी घरी जाण्याआधी जुन्या स्वयंपाकघरामागच्या बाकाला झारीने पाणी घालायचा.

झाडाला नव्हे, बाकाला. बाक म्हणजे काहिकातेआ झाडाचा एक जाडजूड ओंडका होता. हमूनेच तो कधीतरी डोंगरातून ट्रॅक्टरला बांधून ओढत आणला होता आणि त्यावर सपाट फळी ठोकली होती. बायका त्या फळीवर बसून रताळी सोलत आणि पुरुष शेजारी बसून, रताळी कशी सोलावीत ते सांगत. ओंडका बराचसा कुजला होता. बाजूने अंगठा दाबला तर दुधात भिजवलेल्या पावासारखा आत जायचा.

मराएचं स्वयंपाकघर पिरिहिराच्या ताब्यात होतं. ती हमूची चुलत बहीण. आवाज असा, की नदीपलीकडची कुत्रीसुद्धा तिच्या हाकेला उठून बसत.

"हमू, अरे त्या बाकाला पालवी कधी फुटायची?"

"पुढच्या वर्षी."

"मागच्या वर्षी पण हेच म्हणाला होतास."

"मागच्या वर्षी तू त्याच्यावर फार बसलीस."

हमू जास्त बोलत नसे. उंच, जरासा वाकलेला, बारा महिने डोक्यावर लोकरीची टोपी. तरुणपणी तो डोंगरात लाकूडतोडीच्या टोळीत होता. बोलायचं असलं की आधी टोपी मागे सरकवायचा. टोपी जितकी मागे, तितकी गोष्ट महत्त्वाची. बसमध्ये कोणत्या मुलाशेजारी कोणाला बसवायचं नाही हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं, आणि मी तर त्यांची बाई होते.

उन्हाळा लागला की शाळेच्या ओसरीतल्या दिव्यावर हुहू येऊन आदळायचे. बोटाएवढा तपकिरी भुंगेरा, अंगापेक्षा लांब मिशा, आणि उडण्याची रीत अशी की भिंत दिसली की धडकायचंच. संध्याकाळच्या कार्यक्रमात तो एखादीच्या केसांत अडकला की सगळा वर्ग किंचाळत बाहेर. मग हमू यायचा, दोन बोटांनी त्याला पाठीवरून अलगद उचलायचा आणि कुंपणाच्या खांबावर सोडायचा.

"मारू नका रे. बिचारा उपाशी आहे."

"मग त्याला खायला द्या ना काका," एखादं मूल म्हणायचं.

"खात नाही तो. पंख फुटले की जेवण बंद. लहानपणी अळी असताना दोन-तीन वर्षं लाकूड खाऊन घेतलेलं असतं. आता नुसतं फिरायचं, लग्न जमवायचं आणि जायचं."

"खात नाही तर चावतो कशाला?"

हमू विचार करून म्हणायचा, "सवय."

एका उन्हाळ्याच्या सुरुवातीला मराएत बैठक बसली होती. आमचं नवं जेवणघर बांधून झालं होतं आणि डिसेंबरात, आमच्या भर उन्हाळ्यात, ते उघडायचं ठरत होतं. पाहुणे कोण, झोपायला गाद्या किती, जमिनीतल्या भट्टीसाठी दगड कोण आणणार, असं सगळं चाललं होतं. मग पिरिहिराने विचारलं, "आणि रावीनिया मावशीला काय वाढायचं?"

गाद्यांचा हिशेब तिथेच थांबला.

आमच्या भागात प्रत्येक वस्तीचं एक खाणं असतं. समुद्राकाठच्यांची शिंपली. नदीच्या खालच्या वस्तीची धुरी दिलेली वाम मासळी. आमच्या वरच्या वस्तीची ताताका. हुहूची अळी लाकूड पोखरत पोखरत मोठी होते, आणि एक दिवस खाणं थांबवते. पोट रिकामं करते, लोण्याच्या गोळ्यासारखी पांढरीशुभ्र, गुबगुबीत होऊन गप्प पडून राहते. तीच ताताका. त्याच्या आधी काढली तर पोटात भुसा लागतो. नंतर काढली तर पाय नि पंख फुटू लागलेले असतात. मधले थोडेच दिवस खरे. निखाऱ्यावर जरा फिरवली की भाजलेल्या शेंगदाण्यासारखा वास सुटतो, आणि ज्याने ती आमच्याकडे खाल्ली तो दुसरीकडे गेला तरी नाव आमचंच काढतो.

पण गेली काही वर्षं ताताका मिळेनाशी झाली होती. कुजके ओंडके रानडुकरं उलथून टाकत. डुकरांनी सोडलेले खालच्या वस्तीची माणसं कुऱ्हाडी घेऊन येऊन फोडत. निदान आमच्याकडे तसं म्हणत. रावीनिया मावशी मागच्या वेळी भावाच्या अंत्यविधीला दक्षिण बेटावरून आली, तेव्हा आम्ही तिला दुकानातली कोंबडी वाढली होती. ती मुकाट्याने जेवली. निघताना आमच्या रीतीने सगळ्यांच्या नाकाला नाक लावलं आणि म्हणाली, "कोंबडी छान होती."

बस, एवढंच. पण पिरिहिराने त्यानंतर कित्येक महिने कोंबडी शिजवली नाही.

आता मावशी नव्वदीची होती. पुन्हा येईल न येईल. आणि हमूचं तिच्याशी नातं इतरांपेक्षा जवळचं. त्याची आई तो लहान असतानाच गेली, तेव्हा या मावशीने त्याला वाढवलं होतं. पहिली ताताका त्याच्या तोंडात तिनेच घातलेली.

तर बैठक तिथे अडलेली असताना उघड्या खिडकीतून त्या वर्षीचा पहिला हुहू घोंघावत आला आणि थेट पिरिहिराच्या अंबाड्यात शिरला.

"काढा! काढा मेल्याला!"

हमू उठला. भुंगेरा सोडवून घेतला, तळहातावर ठेवला. दुसऱ्या हाताने टोपी इतकी मागे सरकवली की ती पडेल असं मला वाटलं.

"हा पाहुणा न खाता जातो, त्याला इलाज नाही," तो म्हणाला. "मावशी मात्र आपलं खाल्ल्याशिवाय जाणार नाही. ताताका मी देतो."

"कुठून देणार?" पिरिहिराने केस सावरत विचारलं.

"देतो म्हटलं ना."

चार माणसांत दिलेला शब्द. पाहुण्यांना निरोप गेले तेव्हा त्यांच्याबरोबर हाही निरोप गेला, की वरच्या वस्तीत यंदा ताताका आहे.

पुढच्या आठवड्यात खालच्या वस्तीतून पारातेने नावाचा गडी आला. आमच्या समारंभासाठी त्यांची मोठी पातेली द्यायला. पारातेने आणि हमू तरुणपणी एकाच टोळीत लाकूड तोडायचे. तेव्हापासून दोघांत दोस्ती होती की स्पर्धा, हे त्यांनाही नीट सांगता आलं नसतं. पारातेने बुटका, रुंद, मिशीतल्या मिशीत हसणारा. पाठ कामातून गेलेली, म्हणून तो कुठेही गेला की आधी टेकायला जागा शोधायचा. त्या दिवशी तो हमूच्या बाकावर बसला. बराच वेळ बसला. चहा झाला, दुसरा चहा झाला. मग फळीवर हात फिरवत म्हणाला, "पिरिहिरा, काय सुंदर बाक आहे गं हे! माझ्या पाठीला इतकं सुख कुठेच लागलं नाही बघ."

आता आमच्याकडे असं आहे, की पाहुण्याने एखाद्या वस्तूची तोंड भरून स्तुती केली की ती वस्तू त्याची. यजमानाने ती तिथल्या तिथे द्यायची, हसतमुखाने. म्हणून शहाणा पाहुणा हवेची स्तुती करतो, नदीची करतो, पोरं किती उंच झाली म्हणतो. वस्तूचं नाव घेत नाही.

पिरिहिराला तर उलट बरंच वाटलं. नव्या जेवणघरामागे ते कुजकं धूड तिला नकोच होतं. तिने चार पोरांना हाक मारली आणि बाक पारातेनेच्या ट्रकवर चढलंसुद्धा.

हमू तेव्हा बस घेऊन गेला होता. परत आला, झारी भरली, स्वयंपाकघरामागे गेला. तिथे जमिनीवर नुसता ओला, लांबट डाग होता. शेजारी पिरिहिरा उभी.

"बाक कुठाय?"

"दिलं पारातेनेला. त्याने स्तुती केली."

हमूने झारी खाली ठेवली. टोपी डोक्यावरून काढलीच. मी पिरिहिराकडे समारंभाच्या गाण्यांचं ठरवायला आले होते म्हणून हे पाहिलं. त्याचं डोकं मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं.

"पिरिहिरा," तो हळूच म्हणाला, "ताताका त्याच्यात होती."

"कशात?"

"बाकात."

पिरिहिरा बसायला गेली, पण बसायला बाक नव्हतं. तशीच भिंतीला टेकली.

मग सगळं बाहेर आलं. डोंगरात पडलेल्या त्या ओंडक्यात हुहूंनी अंडी घातलेली हमूला माहीत होती. डुकरांपासून आणि माणसांपासून तो लपवायचा कुठे? तर जिथे कोणीच शोधणार नाही तिथे. सगळ्या वस्तीच्या बुडाखाली. लाकूड वाळलं तर अळ्या मरतात, म्हणून रोज पाणी. बसल्या बसल्या कान दिला की आत कुरकुर ऐकू येते. दोन वर्षं तो ती कुरकुर ऐकत होता.

"मग सांगायचं नाही का, मेल्या?"

"तुला? तुला सांगितलं असतं तर नदीपलीकडच्या कुत्र्यांना कळलं असतं."

हे खरं होतं, म्हणून ती चिडली नाही. "मी आत्ताच जाते. म्हणते, चूक झाली, परत दे."

"दिलेली वस्तू मागणार? ती पण खालच्यांकडे?"

"मग तू जा. तू त्याच बाकाची स्तुती कर. त्याला द्यावंच लागेल."

"आपणच दिलेल्याची आपणच स्तुती करून परत घ्यायचं? मागण्यापेक्षा वाईट दिसतं ते."

पिरिहिरा जायला वळली होती, ती थांबली. या रिती तिनेच आम्हा सगळ्यांना शिकवलेल्या.

दुसऱ्या दिवसापासून हमू शाळा सुटल्यावर पारातेनेकडे थांबू लागला. बसची शेवटची मुलं खालच्या वस्तीत उतरायची, आणि शाळेने मला दिलेलं घर त्याच्या थोडं पुढे, नदी रुंद होते तिथे. त्यामुळे मीही त्या अंगणात रोज जराशी थांबू लागले. बाक अक्रोडाच्या झाडाखाली ठेवलं होतं. हमू एका टोकाला, पारातेने दुसऱ्या. हमूचा बेत साधा होता. बाकाची स्तुती करायची नाही, पण बाकाच्या आजूबाजूची इतकी करायची की पारातेनेला आपण होऊन म्हणावंसं वाटेल, 'बाकही घेऊन जा.'

"सावली काय छान आहे इथे," हमू म्हणाला.

"घेऊन जा. झाड जरा जड आहे."

थोड्या वेळाने, "ही उशी मऊ आहे."

उशी हमूच्या मांडीवर आली. दुसऱ्या दिवशी कुंपणावरचा भोपळा आला. मग एक ढकलगाडी. मग हमूला काही सुचेना. तो इकडेतिकडे बघू लागला, आणि नेमका कोंबडा समोरून गेला.

"चालतो ऐटीत," हमूच्या तोंडून निघून गेलं.

"वा! पारखी आहेस," पारातेने म्हणाला आणि कोंबडा धरून त्याच्या हातात दिला. "असू दे. समारंभाला पाहुण्यांना कोंबडी कमी पडायला नको."

मला हसू आवरेना, पण हमूचा चेहरा बघून मी खोकल्यासारखं केलं. सकाळी तो कोंबडा बसच्या पुढच्या सीटवर बसून शाळेत आला. हमूचं म्हणणं, घरी एकटा सोडला तर ओरडतो. मुलांनी त्याची हजेरी घ्यायला लावली.

त्याच दिवशी दुपारी हमूला एक गोष्ट दिसली. पाऊस नव्हता, अंगण कोरडं ठणठणीत होतं, पण बाकाखालची माती ओली होती. आणि झाडामागे, उलटी करून ठेवलेली, झारी.

तो माझ्याकडे बघून टोपी मागे सरकवत म्हणाला, "बाई, याला ठाऊक आहे."

"कधीपासून?"

"पहिल्या चहापासून. नाहीतर सडक्या ओंडक्याची स्तुती कोण करतं?"

मला वाटलं तो रागावेल. पण तो त्या ओल्या मातीकडे पाहतच राहिला, आणि त्याचे खांदे सैल झाले. आठवडाभर त्याला वाटत होतं, पारातेने पाणी घालणार नाही आणि अळ्या वाळून मरतील. "निदान हात चांगल्या माणसाचे आहेत," तो म्हणाला.

पारातेने चहा घेऊन आला. माती, झारी, हमू, सगळ्यांवरून नजर फिरवली आणि शांतपणे बसला.

"हमू, तुमच्या समारंभाला आम्ही वाम आणणारच. पण यंदा सोबत आणखी काहीतरी आणावं म्हणतोय. तुमच्या मावशीला आवडेल असं."

हे ऐकून मात्र हमूने भरला कप तसाच खाली ठेवला. आमच्याच जेवणघरात, आमच्याच पाहुणीला, आमचीच ताताका खालच्यांच्या हातून! याच्यापेक्षा कोंबडी बरी. कोंबडीची गोष्ट लोकांनी दहा वर्षं सांगितली असती. ही तर नातवंडांनी नातवंडांना सांगितली असती.

समारंभ शनिवारी होता. बुधवारी हमू बाकावर आडवा झाला, डुलकी काढतोय असं दाखवत. कान फळीला. पारातेने समोर उभा, मिशीत हसत. हमू उठला आणि सरळ बसकडे गेला. बसमध्ये मला म्हणाला, "मोठ्यांची कुरकुर थांबली. नुसती बारक्यांची चालू आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे तयार आहेत. आता फोडलं तर सोनं. रविवारी फोडलं तर पंख."

गुरुवारी मावशी आली. मुलांना सोडून हमू तसाच पुढे शहरात तिला आणायला गेला. मीही गेले. ती थांब्यावर पेटीवर बसली होती, छोटीशी, काळा झगा, हनुवटीवर जुनं गोंदण, हातात काठी. ऐकू आता तिला जवळजवळ येत नव्हतं. हमूच्या नाकाला नाक लावून ती बराच वेळ तशीच राहिली. मग म्हणाली, "वाळलास. तुला काही खायला देतात की नाही?"

"देतात मावशी."

"काय?"

"ऐकू येतं का तुला?"

"नाही. पण तू खोटं बोलतोस ते दिसतं."

परतीच्या वाटेवर खालची वस्ती आधी लागते. पारातेनेच्या घरासमोर बस थांबली.

"काय झालं?" मी विचारलं.

"इंजिन तापलंय."

सकाळपासून रिमझिम पाऊस होता आणि हवा अशी गार की मी शाल घेतली होती. पण मी काही म्हटलं नाही. बसचं मला काय कळतं?

पारातेने पळतच बाहेर आला. पाठ दुखत असताना इतकं पळताना मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. त्याने मावशीला हात धरून उतरवलं, नाकाला नाक लावलं. पाऊस तेवढ्यात थांबला होता. आता एवढ्या म्हाताऱ्या बाईला बसवायचं कुठे? अंगणात बसायला एकच जागा होती. पारातेनेच्या ते लक्षात आलं, आणि तो क्षणभर थबकला. पण मावशी तोवर बाकाकडे चालू लागली होती.

ती बसली. हाताने फळी चाचपली. मग बाजूचं कुजकं लाकूड अंगठ्याने दाबलं. तिच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. तिने काठी उचलली, तिचं टोक ओंडक्याच्या कुजक्या भागावर रोवलं आणि मूठ दातांत धरून डोळे मिटले.

मला वाटलं, दमली. पण हमू माझ्या शेजारी श्वास रोखून उभा होता. "असंच शिकवलं होतं तिने," तो पुटपुटला. "काठी दातात धर, म्हणजे आतलं डोक्यात वाजतं."

पारातेनेही टोळीतला माणूस. त्यालाही ते माहीत होतं. तो चहा ओतायचा थांबला होता.

मावशीने डोळे उघडले. काठी खाली घेतली. अंगणावर, झाडावर, आकाशावर नजर फिरवली, जणू कशाची स्तुती करावी ते ठरवते आहे.

"पारातेने."

"काय मावशी?" तो ओरडून म्हणाला.

"नदीला पाणी छान आहे यंदा."

"हो मावशी!" त्याने मोठा श्वास सोडला.

"आणि हे बाक. काय सुंदर बाक आहे रे हे! माझ्या बुडाला इतकं सुख नव्वद वर्षांत लागलं नाही."

पारातेनेने किटली खाली ठेवली. मग सावकाश मान वळवून हमूकडे बघितलं.

"इंजिन गार झालं का रे तुझं?"

"झालंय वाटतं," हमू म्हणाला.

आणि मग पारातेने हसू लागला. मिशीतल्या मिशीत नव्हे, तोंड उघडून, पोट धरून, शेवटी पाठ धरून. "मावशी, तुमचंच आहे," तो ओरडला. "आत्ता पाठवतो. पण मी पण येणार. माझ्या पाठीची सवय झालीय त्याला."

बाक ट्रकवर चढलं आणि पारातेने त्यावर बसला. आमच्या बसमागून तो ट्रक वर येत होता, मागे उघड्यावर पारातेने दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून राजासारखा बसलेला, वाटेत भेटेल त्याला मान डोलावत.

मराएत पिरिहिराने ते बघितलं आणि टाळ्या वाजवल्या. पण ती स्वयंपाकघराची बाई. आनंद ओसरला तसा तिच्या कपाळाला आठी पडली. तिने हमूला बाजूला घेतलं.

"बाक आता कोणाचं?"

"मावशीचं."

"म्हणजे आतलं पण मावशीचंच ना? मग वाढतोय कोण? पाहुणीच स्वतःचं खाणं घेऊन आली! आपण काय, ताटं धुवायची?"

हमूने हा विचार केलाच नव्हता. तो उभ्या उभ्या पुन्हा वाळला. मावशीला यातलं अक्षरही ऐकू येणं शक्य नव्हतं. पण ती दोघांच्या तोंडांकडे बघत होती, आणि तिने काठीने हमूच्या पोटरीवर हळूच टोचलं.

"काय रे? गप्प का? घरी आलेल्या पाहुण्याची वस्तू बघून चार चांगले शब्द बोलायचे, एवढंही मी शिकवलं नव्हतं का तुला?"

हमूला उलगडायला जरा वेळ लागला. मग त्याने टोपी काढली, ती छातीशी धरली, आणि सगळ्या अंगणाला ऐकू जाईल असा ओरडला, "मावशी, काय सुंदर बाक आहे गं तुझं!"

"आवडलं?" मावशी म्हणाली. "घे मग. मला विमानात कोण नेऊ देणार?"

शनिवारी दुपारी हमूने सगळ्या पाहुण्यांसमोर फळी उचकटली. कुऱ्हाड पारातेनेने धरली, कारण लाकडाची रेघ कुठून जाते ते त्यालाच नीट दिसत होतं असं त्याचं म्हणणं. ओंडका अर्ध्यात उघडला. आतल्या पिवळसर भुशात, आपापल्या खोलीत, त्या पडल्या होत्या. पांढऱ्या, गच्च भरलेल्या, गप्प. एकीलाही पाय फुटले नव्हते. पारातेनेने एकदा हमूकडे पाहिलं. दोघांनी मान हलवली. जुन्या टोळीत झाड नेमकं हवं तिथे पडलं की ते तशीच हलवत असावेत.

पहिली हमूने स्वतः निखाऱ्यावर फिरवली, फुंकर घातली आणि मावशीसमोर धरली. मावशीने ती घेतली नाही. लहान मुलासारखं तोंड उघडलं. हमूने नेम चुकवला नाही.

ती चावत राहिली. सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते. पिरिहिरासुद्धा. मग मावशीने हात पुढे केला. तळहात वर. दुसरी.

तिने किती खाल्ल्या ते मोजणं आमच्यात चांगलं समजत नाहीत. पुरेशा खाल्ल्या. बाकी पाहुण्यांना एकेक आली. खालच्या वस्तीची वामही फस्त झाली, आणि पारातेनेने येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं की ओंडक्याला शेवटचं पाणी त्याने घातलं होतं.

सोमवारी मावशी निघाली. सगळे रांगेत उभे. ती एकेकाच्या नाकाला नाक लावत पिरिहिरापाशी आली, थांबली, आणि अगदी साधा चेहरा करून म्हणाली, "यंदा कोंबडी नव्हती केलीत का गं?"

पिरिहिराने कपाळावर हात मारला. मावशी मात्र काठी टेकत बसकडे निघाली, आणि मागून तिचे खांदे हलताना दिसत होते.

ओंडक्याचा उरलेला अर्धा भाग हमूने फोडला नाही. त्यात बारक्यांची कुरकुर चालू होती. त्यावर त्याने नवी फळी ठोकली आणि तो पारातेनेच्या अक्रोडाखाली नेऊन ठेवला. "तुझ्या पाठीसाठी," म्हणाला. पारातेनेने नको म्हटलं नाही.

त्यानंतर बस तिथे रोज थांबू लागली. एक जण पाणी घालायचा, दुसरा काठी दातात धरून ऐकायचा, आणि तयार व्हायला किती दिवस राहिले यावर त्यांचं भांडण व्हायचं. मी त्या बाकावर बसून त्यांच्यासोबत चहा प्यायचे, आणि बोलायची वेळ आलीच तर नदीची स्तुती करायचे. कोंबडा मात्र शाळेतच राहिला. हजेरीत त्याचं नाव शेवटी होतं, आणि तो एकही दिवस चुकला नाही.